नेच्याची कुंडी केव्हां बदलावी?

घरांत चार झाडें बाळगण्याची हौस नाशिककरांना नवी नाहीं. पंचवटींतल्या व जुन्या गांवांतल्या वाड्यांतून चौकांत तुळशीवृंदावन असे आणि त्याच्या आसपास मोगरा, ओवा, गवती चहा अशीं उपयोगाचीं झाडें असत. पुढें वाडे पडून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती आल्या. चौक गेला, परस गेलें आणि झाडें गॅलरींत व खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसलीं. जागा जसजशी आंखूड झाली, तसतशी सावलींत राहणाऱ्या झाडांना किंमत आली. नेचा हें अशा झाडांतलें पहिल्या प्रतीचें झाड होय. त्याला फूल नाहीं, फळ नाहीं, सुवास नाहीं. केवळ पानांच्या डौलावर त्यानें घरोघर प्रवेश मिळविला आहे.

परंतु हा पाहुणा आमच्या गांवीं फार दिवस टिकत नाहीं, अशी पुष्कळांची तक्रार असते. श्रावणांत हौसेनें आणलेली हिरवीगार कुंडी वैशाखांत करपून जिन्याखालच्या अंधारांत जाऊन पडते. आम्हीं अशा कुंड्या पुष्कळ पाहिल्या, कांहीं उपड्या करूनही पाहिल्या. त्यांवरून आमचें असें मत झालें आहे कीं, यांतले बरेचसे नेचे हयगयीनें मेलेले नसतात. मायेनें मेलेले असतात. त्यांना नको त्या वेळीं, नको तेवढ्या मोठ्या कुंडींत बसविलेलें असतें. म्हणून नेच्याची कुंडी केव्हां बदलावी आणि कशी बदलावी, या एवढ्याशा विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम या झाडाची कुळकथा थोडीशी जाणून घेतली पाहिजे. फुलें येणाऱ्या वनस्पतींहून नेचे कितीतरी प्राचीन. त्यांना बीं येत नाहीं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात, त्यांत धुळीसारखे सूक्ष्म बीजाणु असतात. ते ओल्या जागीं पडले म्हणजे त्यांतून नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा उगवतो. या पापुद्र्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच पुढील संयोग घडून येतो. कारण त्यांतील नर-पेशींना स्त्री-पेशीपर्यंत पोहतच जावें लागतें. तात्पर्य, पाण्यावांचून नेच्याचा वंश चालत नाहीं, आणि म्हणून त्याचें सारें वर्ष पावसाभोंवतीं फिरत असतें.

हें पाहावयास दूर जाणें नको. काळ्या, तुकतुकीत, केसासारख्या दांडीवर अर्धचंद्राकृति पानें धरणारा हंसराज जुन्या विहिरींच्या आंतल्या अंगास, चिऱ्यांच्या फटींत पावसाळ्यांत उगवलेला दिसतो. उघड्या कोरड्या भिंतींवर लहानशा पंख्यासारखी मोरशिखा उभी असते. सह्याद्रीच्या रानांत झाडांच्या खोडांवर बाशिंग नांवाचा थोराड नेचा बसलेला असतो. त्याचें नांव ज्यानें ठेविलें, त्यानें लग्नांतल्या नवरदेवाकडे नीट पाहिलें असलें पाहिजे. ज्याचें पान हातावर दाबलें असतां रुपेरी ठसा उमटतो, तोही एक नेचाच. पुष्कळांच्या बाळपणाचा तो सोबती आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील फादर ब्लाटर यांनीं दालमैदा यांच्या सहकार्यानें १९२२ सालीं मुंबईकडील नेच्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. एवढ्याशा झाडावर एवढा मोठा ग्रंथ कशाला, असें ज्यांस वाटेल, त्यांनीं श्रावणांत एकदां त्र्यंबकेश्वरीं जाऊन ब्रह्मगिरीची पायवाट चढून पाहावी.

रोपवाटिकेंत विकत मिळतात ते नेचे मात्र बहुधा परदेशीं कुळांतले. लांब, खालीं झुकणाऱ्या पानांचा बोस्टन-नेचा हा अमेरिकेंत १८९४ सालीं फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे धाडलेल्या झाडांत वेगळा म्हणून ओळखूं आला. नाजूक पानांचा विलायती हंसराज मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. देश वेगळे असले तरी सवय एकच: मुळांशीं ओल, भोंवतीं दमट हवा आणि डोक्यावर सावली.

आतां मुख्य प्रश्न, केव्हां? इंग्रजी पुस्तकांत याचें उत्तर 'वसंत ऋतूंत' असें दिलेलें असतें, आणि तें वाचून आमच्याकडील कित्येक मंडळी फाल्गुनांत खुरपें घेऊन बसतात. येथें शब्द घ्यावा कीं तात्पर्य घ्यावें, हा शास्त्रांतला जुना प्रश्न उभा राहतो. इंग्लंडांत हिंवाळा संपून नवे कोंब फुटतात ते मार्च-एप्रिलांत; तेव्हां तेथें पाऊस असतो, हवा दमट असते आणि ऊन कोंवळें असतें. म्हणून तेथील माळी वसंत ऋतु सांगतो. त्याच्या सांगण्याचें तात्पर्य एवढेंच कीं, नवे कोंब फुटूं लागले म्हणजे आणि हवा सोसवेल अशी असतांना झाड हलवावें. नाशकांत फाल्गुनानंतर काय येतें तें सांगावयास नको. दोन महिने कोरडे वारे वाहतात, पारा चाळीस अंशांच्या घरांत जातो आणि दुपारीं ओला पंचा तासाभरांत वाळतो. आमच्याकडे नेच्याचा वसंत आषाढांत येतो.

यांतलें कारणही समजून घ्यावें. झाडाचीं मोठीं मुळें आधार देतात. पाणी ओढण्याचें काम मुख्यतः टोंकांजवळच्या बारीक केसांसारख्या मुळांचें. कुंडी बदलतांना कितीही हलका हात लावला तरी त्यांतलीं पुष्कळशीं तुटतात, आणि तीं नवीं फुटेपर्यंत झाडाला पाणी कमी मिळतें. इकडे पानांतून वाफ होऊन जाणारें पाणी थांबत नाहीं. हवा कोरडी असली म्हणजे खर्च जास्त आणि आवक कमी, असा प्रकार होऊन झाडाचें दिवाळें निघतें. पावसाळ्यांत हवाच दमट असल्यामुळें पानांचा खर्च आपोआप कमी होतो आणि मुळांना सवड मिळते.

पंचांग पाहणाऱ्या घरांस आम्ही असें सांगतों कीं, आर्द्रा लागण्यापूर्वीं नेच्याला हात लावूं नये आणि मघा संपल्यावर लावूं नये. म्हणजे साधारणपणें २२ जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत. त्यांतही पुनर्वसु आणि पुष्य हीं नक्षत्रें उत्तम. शेतकरी त्यांच्या पावसाला अनुक्रमें तरणा व म्हातारा पाऊस म्हणतात. पुनर्वसु या नांवांतला वसु म्हणजे धन किंवा चांगली वस्तु. 'पुन्हा वसणें' असा अर्थ व्याकरणास धरून नाहीं. परंतु जुलैच्या पहिल्या आठवड्यांत नव्या कुंडींत वसलेला नेचा हें व्याकरण मनावर घेत नाहीं. दसऱ्यानंतर हवा कोरडी पडूं लागते, पौषांत थंडी बोंचते. त्या काळांत झाड आहे तेथें सुखानें राहूं द्यावें.

वेळ आली म्हणजे कुंडी बदललीच पाहिजे असें मात्र नाहीं. गरज आहे किंवा नाहीं हें झाडाला विचारावें, आणि झाड तें मुळांनीं सांगतें. कुंडीच्या तळच्या भोंकांतून मुळें बाहेर डोकावूं लागलीं. पाणी घातलें कीं तें मातींत न मुरतां कडेकडेनें सरळ खालीं निघून जाऊं लागलें. भर पावसाळ्यांतही माती एका दिवसांत सुकूं लागली. नवीं पानें पूर्वींपेक्षां आंखूड येऊं लागलीं. तर जागा अपुरी पडली असें समजावें. खात्री करावयाची तर कुंडी हळूच उपडी करून मुळांचा गोळा बाहेर काढावा. कुंडीच्या आकाराचा, विणलेल्या चुंबळीसारखा घट्ट गोळा निघाला आणि माती दिसेनाशी झाली असेल, तर बदलावी. माती मोकळी व तपकिरी दिसली, मुळें मधून मधून दिसलीं, तर आल्या पावलीं झाड परत कुंडींत ठेवावें आणि वर्षभर पुन्हा विचारूं नये.

कित्येक गोष्टी मात्र उगाच कुंडीवर ढकलल्या जातात. खालचें जुनें पान पिवळें पडून गळणें हा झाडाचा धर्म आहे. पानांचीं टोंकें तपकिरी होणें हा बहुधा कोरड्या हवेचा दोष. पानामागच्या सारख्या ओळींतल्या ठिपक्यांना कीड समजून कित्येक लोक सबंध पान खुडून टाकतात. तो तर झाडाचा वंशविस्तार! आपल्याकडचा देशी हंसराज पावसाळा सरल्यावर वरून वाळून जातो, परंतु मातींतलें त्याचें खोड जिवंत असतें आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटतें. त्याला मेला समजून फेंकून देणें म्हणजे झोंपलेल्या माणसाला तिरडीवर बांधण्यासारखें आहे.

आतां कुंडी केवढी घ्यावी? येथेंच मायेचा अतिरेक होतो. आम्हीं आयुष्य शाळेंत काढलें. तेथला अनुभव असा कीं, दोन इयत्ता एकदम चढविलेला मुलगा बहुधा दोन्हींकडचा राहत नाहीं. नेच्यालाही एका वेळीं एकच इयत्ता चढवावी. चार इंच तोंडाच्या कुंडींतून पांच इंचांच्या, फार तर साडेपांच इंचांच्या कुंडींत. जुना गोळा नव्या कुंडींत ठेविला असतां चहूंबाजूंनीं बोटभर जागा राहिली म्हणजे पुरे. मोठ्या कुंडींत मुळांपासून दूर असलेल्या मातीचें पाणी कोणी पीत नाहीं. तें तसेंच सांचून राहतें. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे हवा आंत शिरत नाहीं. मुळांनाही श्वास लागतो. तो कोंडला म्हणजे मुळें कुजतात, आणि कुजलेलीं मुळें पाणी ओढूं शकत नाहींत म्हणून भर चिखलांत उभें असलेलें झाड वरून तहानेनें वाळतें. घरधनी मग आणखी पाणी घालतो!

कृति अवघड नाहीं. आदल्या दिवशीं झाडाला भरपूर पाणी द्यावें. नवी कुंडी मातीची असेल तर ती रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवावी. नाहींतर कोरडें खापर झाडाचेंच पाणी शोषून घेतें. कुंडीला तळाशीं भोंक असलेंच पाहिजे; त्यावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवावा. निचऱ्यासाठीं म्हणून तळाशीं खडीचा जाड थर घालण्याची चाल आहे, ती निरुपयोगी. पाणी त्या थराच्या वरच मातींत तुंबून राहतें आणि मुळांची जागा मात्र कमी होते. मिश्रण असें करावें: पुरता कुजलेला पालापाचोळा दोन भाग, तांबडी माती एक भाग, जाड वाळू किंवा विटेचा रवाळ चुरा एक भाग. कापसाला मानवणारी आमच्याकडची काळी माती कुंडींत घालूं नये. ती ओली झाली कीं चिकटते, वाळली कीं भेगाळते आणि दोन्ही वेळां मुळांना छळते. ताजें शेण आणि रासायनिक खत यांपासूनही या वेळीं दूरच राहावें.

जुन्या कुंडीच्या तोंडावर डावा हात ठेवून झाडाचा बुंधा बोटांच्या बेचक्यांत धरावा, कुंडी पालथी करावी आणि तिचा कांठ ओट्याच्या कडेवर हलकेच आपटावा. गोळा सुटत नसेल तर बोथट सुरी कडेनें फिरवावी. पानें धरून ओढूं नये. बाहेरचीं गुरफटलेलीं मुळें बोटांनीं जरा मोकळीं करावींत. सगळी माती झाडून मुळें धुवून काढण्याचें कारण नाहीं. जेथून कोंब फुटतात तो माथा पूर्वीं मातीच्या ज्या पातळींत होता, त्याच पातळींत राहिला पाहिजे. खोल पुरला तर कुजतो. भोंवतीं माती घालून बोटांनीं बेतानें दाबावी, ठोकूं नये, आणि वर अर्धा इंच जागा पाण्यासाठीं मोकळी ठेवावी. मग तळांतून पाणी निथळेपर्यंत हळूहळू पाणी द्यावें.

यानंतर तीन आठवडे कुंडी सावलींत, वाऱ्याच्या झोतापासून व पागोळीखालून दूर ठेवावी. रोज पळीपळीनें पाणी घालण्याची रीत सोडावी. तिनें वरचा थर तेवढा ओला राहतो. मातींत बोट घालून पाहावें. वरचें पेरभर कोरडें लागलें म्हणजे एकदांच निथळेपर्यंत द्यावें. बोअरच्या पाण्यानें कुंडीवर पांढरे पापुद्रे चढत असतील तर पावसाचें पाणी घागरींत धरून तें वापरावें. पहिल्या पंधरवड्यांत दोन-चार जुनीं पानें वाळलीं तर घाबरूं नये. गोगलगायीच्या शंखाप्रमाणें वेटोळें केलेला नवा कोंब माथ्यांतून वर आला म्हणजे झाडानें नवें घर मानलें असें समजावें.

झाड फारच नाजूक असेल तर कांहीं दिवस त्यावर कांचेची मोठी बरणी उपडी घालावी. ही युक्ति लंडनचे एक वैद्य, नथॅनियल वॉर्ड, यांच्यामुळें प्रसिद्धीस आली. १८२९ च्या सुमारास त्यांनीं पतंगाचा कोष ओल्या मातीसह एका बाटलींत घालून झांकण लावलें. त्या मातींत आपोआप एक नेचा उगवला. ज्या शहराच्या धुरांत त्यांच्या बागेंतले नेचे जगत नव्हते, त्याच शहरांत तो बंद बाटलींत जवळजवळ चार वर्षें वाढला. पुढें याच तत्त्वावर केलेल्या कांचेच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधून चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आणलीं. वॉर्डसाहेबांच्या त्या नेच्याचा शेवट कसा झाला, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. साहेब परगांवीं गेले असतां झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें आणि झाड मेलें. चार वर्षें कोणी पाणी न घातल्यानें तें मेलें नव्हतें.

पावसाळ्याच्या नियमाला एक अपवाद आहे. मुळें कुजत असतील तर मुहूर्त पाहत बसूं नये. आमच्या शेजारच्या एका बाईंच्या यजमानांनीं चहाच्या पेल्याएवढ्या कुंडींत विलायती हंसराज मोठ्या निगुतीनें वाढविला होता. यजमान माघांत वारले. त्यांच्या हातचें झाड, त्याला कांहीं कमी पडूं नये, म्हणून बाईंनीं फाल्गुनांत घागरीएवढी कुंडी आणविली, शेतांतली काळी माती भरविली आणि रोज तांब्याभर पाणी घालूं लागल्या. चैत्र संपतांना सगळीं पानें करपलीं. एके दिवशीं कुंडी दाराशीं आणून त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्याला आतां तुळशीच्या मुळाशीं पुरूं ना? कचऱ्यांत टाकवत नाहीं हो."

आम्हीं म्हटलें, "वहिनी, पुरण्याआधीं एकदां उपडें तर करून पाहूं."

बाहेरची माती नुसता चिखल होती आणि तिला आंबूस वास येत होता. मध्यें पेल्याएवढा जुना गोळा तसाच होता. कडेचीं मुळें काळीं व बिलबिलीत झालीं होतीं, परंतु आडव्या खोडाचा एक तुकडा मोडून पाहतां आंतून हिरवट पांढरा निघाला. कुजलेलें तेवढें कात्रीनें काढून टाकलें आणि उरलेला गोळा त्याच जुन्या पेल्याएवढ्या कुंडींत, पालापाचोळ्याच्या हलक्या मातींत बसविला. वर बरणी घातली. ती कुंडी पाहून बाई हळूच म्हणाल्या, "त्यांनीं एवढीशीच ठेवली होती, ती मग ठरवूनच." वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, कांहीं दिसेना, त्या रोज सकाळीं बरणी उचलून पाहत. आषाढांत पहिलें वेटोळें वर आलें. पोळ्याच्या दिवशीं पांच पानें होतीं.

जाण्यापूर्वीं आणखी एक विनंति. कुंडी तयार झाली म्हणजे तींत लावण्यासाठीं डोंगरावरून नेचा उपटून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. अंजनेरी २०१७ सालीं संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाली. त्या डोंगराचें नांव धारण करणारी कंदीलपुष्पाची एक जाति २००६ सालींच शास्त्रज्ञांनीं नव्यानें नोंदविली. इतकें दुर्मिळ धन तेथें आहे. तेथलीं झाडें उपटणें कायद्यास संमत नाहीं, आणि व्यवहारासही धरून नाहीं. कारण कड्याच्या फटींतून ओढलेल्या नेच्याचीं मुळें फटींतच राहतात व घरीं येतें तें चार दिवसांचें प्रेत. हंसराज हवाच असेल तर ज्याच्या घरीं आहे त्याच्याकडे मागावा. देशी हंसराजाच्या पानाचें टोंक लांबत जाऊन जमिनीला टेकलें कीं तेथें मुळें धरतें व नवें रोप होतें. शेजारीं एक लहान कुंडी ठेवून त्या टोंकावर खडा ठेविला तर महिना-दीड महिन्यांत एक रोप दुसऱ्याला द्यावयास मिळतें. हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटण्याऐवजीं कोणी हें वाण आषाढ-श्रावणांत दिलें तर तें अधिक दिवस लक्षांत राहील.

सारांश एवढाच. झाड मागेल तेव्हां द्यावें, मागेल तेवढेंच द्यावें, आणि आपल्या गांवची हवा विचारांत घेऊन द्यावें. येत्या आर्द्रा नक्षत्रांत वाचकांनीं आपापल्या कुंड्यांचीं तळचीं भोंकें एकदां वांकून पाहावींत. मुळें डोकावत नसतील, तर खुरपें पुन्हा जागेवर ठेवून द्यावें.